पॅनल बसवले तरी घर 'डी'मध्येच; ईपीसीचं गणित कुणी समजावेल का?

जुईचा वेल

नमस्कार मंडळी. इंग्लंडात ज्यांचं स्वतःचं घर आहे, आणि त्यातही ज्यांना ते भाड्याने द्यायचं आहे, त्यांच्याकडून नीट माहिती हवी आहे.

आमचं घर रेडिंगमध्ये. १९३०च्या दशकातलं सेमी (एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं घर), क्षेत्रफळ ९० चौरस मीटरच्या आसपास, मागे आधीच्या मालकांनी वाढवलेलं स्वयंपाकघर. घर घेतलं तेव्हाच्या ईपीसीवर, म्हणजे घराच्या ऊर्जा-प्रमाणपत्रावर ('ए' सगळ्यात चांगला, 'जी' सगळ्यात वाईट), 'डी' होता, ५७ गुण. नंतर दक्षिणेकडच्या छपरावर ४ किलोवॅटचे सोलर पॅनल बसवले, जुना बॉयलर काढून नवा कॉम्बी (पाण्याची टाकी न लागणारा बॉयलर) घेतला, दिवे सगळे एलईडी केले. पॅनल विकणारा माणूस ठामपणे म्हणाला होता की घर सरळ 'बी'मध्ये जाईल.

आता नवऱ्याची लीड्सला बदली झाली आहे. घर विकायचं मन होत नाही, म्हणून भाड्याने द्यायचं ठरवलं. जुन्या सर्टिफिकेटची दहा वर्षं भरत आली होती, म्हणून नवं करून घेतलं. गुण आले ६८. 'सी'ला ६९ लागतात.

एका गुणाने हुकलं याची रुखरुख आहेच, पण त्याहून जास्त हे कळत नाही की उन्हाळ्यात आमचं वीजबिल जवळजवळ नाहीसं होतं, मग कागदावर इतकाच फरक का? भिंतींपुढे लिहिलंय 'कॅव्हिटी वॉल, इन्सुलेशन नाही (गृहीत)', म्हणजे मध्ये रिकामी पोकळी असलेली दुहेरी भिंत. लॉफ्टपुढेही, म्हणजे छपराखालच्या माळ्यापुढेही, 'गृहीत'. हे कोण गृहीत धरतं, आणि कशावरून?

आणखी एक. हीट पंपाचा, म्हणजे विजेवर चालून बाहेरची उष्णता घरात आणणाऱ्या यंत्राचा, विचार चालू आहे. पण एका ओळखीच्यांकडे हीट पंप बसवल्यावर गुण उलट कमी झाले म्हणे. असं होऊ शकतं का?

---

माळरान

आधी घाबरण्याचं कारण आहे का ते बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये भाड्याच्या घराला आज किमान 'ई' पुरतो. नव्या करारांना हा नियम १ एप्रिल २०१८ला लागला, चालू करारांना १ एप्रिल २०२०ला. म्हणजे 'डी'वर तुम्ही उद्याही भाडेकरू ठेवू शकता. २०३०पर्यंत 'सी' अशी सरकारची दिशा आहे, त्यामुळे 'सी'च्या मागे लागणं योग्यच, पण लेटिंग एजंट घाई करत असेल तर त्याच्या दबावाखाली काही विकत घेऊ नका.

जाहिरातीत मात्र रेटिंग द्यावंच लागतं. तिथे 'सी' दिसला की फरक पडतो हे खरं.

---

पन्हाळगड

वाचतोय. आमचंही मिल्टन कीन्सला हेच चालू आहे. उत्तरं कृपया धाग्यातच द्या, व्यक्तिगत निरोपात नको, म्हणजे सगळ्यांना उपयोग होईल.

---

ओसरी

जुई ताई, मी लेस्टरमध्ये घरांचे ईपीसी करतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. ईपीसी तुमचं बिल बघत नाही. तुम्ही किती युनिटं वापरली, हीटिंग किती तास लावलं, घरात माणसं किती, यातलं काहीही असेसर, म्हणजे घर तपासायला येणारा माणूस, विचारत नाही. घरात माणसं किती हे ईपीसीचं सूत्र क्षेत्रफळावरून ठरवतं. दिवाणखाना २१ अंशांवर आणि हीटिंग रोज ठरावीक तास, असं धरून ते घर चालवायला वर्षाला किती पैसे लागतील ते काढतं. त्यात धरलेले खर्च म्हणजे घर गरम करणं, गरम पाणी, दिवे, पंप आणि पंखे. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, स्वयंपाक यांचा गुणांशी संबंध नाही. गॅसची शेगडी काढून इंडक्शन आणलं तर गुण वाढतील का, असं मला अनेक घरांत विचारतात. नाही वाढत.

या वार्षिक खर्चाला 'क्षेत्रफळ अधिक ४५' या आकड्याने भागतात आणि त्यातून गुण निघतात. ९२ आणि त्यावर 'ए', ८१ ते ९१ 'बी', ६९ ते ८० 'सी', ५५ ते ६८ 'डी', ३९ ते ५४ 'ई', त्याखाली 'एफ' आणि 'जी'. तुमच्या ९० मीटरच्या घरात सूत्राच्या हिशेबाने वर्षाचे १०० पाउंड वाचले तर साधारण ४ गुण मिळतात. ४५ मीटरच्या फ्लॅटला तेवढ्याच बचतीचे ६च्या वर मिळतात, १८० मीटरच्या मोठ्या घराला अडीच. मैत्रिणीला पॅनलने पंधरा गुण मिळाले आणि आपल्याला आठच, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं. आणि हे पाउंड सूत्राच्या स्वतःच्या दरपत्रकातले आहेत. तुम्ही कुठल्या कंपनीकडून रात्री स्वस्त वीज घेता हे त्याला माहीत नसतं.

दुसरी गोष्ट, 'गृहीत'. जुन्या घरांसाठी वापरतात ती पद्धत मुळातच थोडक्या माहितीवर चालणारी आहे. असेसर भिंत फोडू शकत नाही, फरशी उखडू शकत नाही. जे डोळ्यांना दिसतं किंवा ज्याचा कागद आहे तेच तो नोंदवू शकतो. बाकी सगळं घराच्या वयावरून ठरतं. १९३० ते १९४९ हा एक कालखंड आहे. त्या काळात पोकळ भिंत बांधायचे पण पोकळी रिकामी ठेवायचे, म्हणून पुरावा नसेल तर सूत्र तुमची भिंत रिकामी धरतं. लॉफ्टचं तेच. तुमच्या लॉफ्टवर फळ्या ठोकलेल्या आहेत का? असल्या तर खाली काय आहे ते असेसरला दिसलेलं नसणार.

मागच्या खोलीचं वय वेगळं लागतं हेही बघा. वाढवलेलं स्वयंपाकघर २००५चं असेल आणि नोंदीत १९३०चं पडलं असेल तर तिथेही गुण गेले. बांधकाम परवानगीचा कागद कौन्सिलकडे मिळतो.

तिसरी, पॅनल. असेसरला किती किलोवॅट, कोणती दिशा, किती उतार, सावली किती हे भरायचं असतं. एमसीएस सर्टिफिकेट (पॅनल मान्यताप्राप्त माणसाने बसवल्याचा कागद) दाखवलं तर अचूक आकडा भरता येतो. नाही दाखवलं तर छपराचा किती टक्के भाग झाकलाय यावरून अंदाज होतो आणि अंदाज सहसा तुमच्या बाजूने पडत नाही. तुमच्या सर्टिफिकेटसाठी असेसरने काय भरलंय ते त्यांना विचारा.

चौथी. जुने ५७ आणि नवे ६८ यांची सरळ वजाबाकी करू नका. १५ जून २०२५पासून जुन्या घरांची पद्धत बदलली आहे. पूर्वी खिडक्यांचं क्षेत्रफळ बहुतेकदा ठोकताळ्याने धरायचे, आता प्रत्येक खिडकी मोजावी लागते. १९३०च्या घरांना पुढे मोठी बे विंडो (भिंतीबाहेर आलेली खिडकी) असते, तिथे काही गुण इकडचे तिकडे होतात. नव्या पद्धतीत घरातली बॅटरी धरली जाते, आणि जादा सौरवीज पाण्याच्या टाकीत वळवणारं यंत्रही. कॉम्बी असेल तर टाकीच नसते, त्यामुळे दुसऱ्याचा तुम्हाला उपयोग नाही.

हीट पंपाबद्दल संध्याकाळी लिहितो, आता एक घर बघायला निघायचंय.

---

जुईचा वेल

ओसरी, किती मनापासून लिहिलंत! लॉफ्टवर फळ्या आहेत, हो. आधीच्या मालकांनीच ठोकल्या होत्या. एमसीएसचा कागद आम्ही असेसरना दाखवला होता, तेव्हा पॅनलचं बरोबर असावं. भिंतीबद्दल काहीच कल्पना नाही. ती आत भरलेली आहे की नाही हे घरमालकाला तरी कसं कळतं?

---

कोकणकडा

मी मँचेस्टरला राहतो. इमारतींच्या हीटिंग-व्हेंटिलेशनच्या कामात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. भिंतीबद्दल सांगतो.

बाहेरून विटांच्या सांध्यांमध्ये बघा. पोकळीत इन्सुलेशन भरताना ठरावीक अंतरावर भोकं पाडतात आणि नंतर सिमेंटने बुजवतात. नाण्याएवढे गोल ठिपके, आजूबाजूच्या चुन्यापेक्षा किंचित वेगळ्या रंगाचे. खिडकीखाली आणि दाराच्या बाजूला ते पटकन दिसतात. दिसले तर कॅव्हिटी इन्सुलेशन गॅरंटी एजन्सीकडे, म्हणजे ज्याला इथे सगळे 'सीगा' म्हणतात तिथे, पत्त्यावरून चौकशी करा. त्यांची हमी २५ वर्षांची असते आणि ती घराबरोबर नव्या मालकाकडे येते. आधीच्या मालकांनी काम केलं आणि तुम्हाला सांगायचं राहून गेलं, असं खूप होतं. कागद मिळाला की असेसर 'भरलेली पोकळी' लिहू शकतो.

ठिपके नसतील तर भरून घेण्याआधी भिंतीची तपासणी करा. बारीक कॅमेरा आत घालून पोकळी किती रुंद आहे, तळाशी चुन्याचा राडा पडलाय का, हे बघतात. आमच्या लँकेशायरकडे, वेल्समध्ये, कम्ब्रियात पश्चिमेचा पाऊस भिंतीवर आडवा येतो. अशा उघड्यावरच्या भिंतीची पोकळी भरली की पाणी आत ओढलं जाऊ शकतं आणि मग ओल हटत नाही. रेडिंग त्या मानाने बरंच कोरडं आहे, तरी विटांचे सांधे उखडलेले असतील तर आधी ते भरून घ्या.

आता थोडं मनातलं. मला या गुणांच्या मागे धावण्याची काळजी वाटते. पॅनल उत्तम आहेत, माझ्या छपरावर आहेत. पण पॅनलने घर गरम होत नाही. जानेवारीत दुपारी चारला अंधार पडतो, दिवसभर ढग, तेव्हा ते पॅनल फारसं काही देत नाहीत, आणि नेमकं तेव्हाच घराला ऊब हवी असते. सूत्राला याची फिकीर नाही. ते वर्षभराचा खर्च एकत्र करतं, त्यामुळे जूनमध्ये वाचलेले पैसे जानेवारीतल्या थंड भिंतीवर पांघरूण घालतात. ६८वरून ७५ला गेलेलं घर आतून तितकंच गार असू शकतं. म्हणून माझा क्रम नेहमी एकच: लॉफ्ट, भिंत, फटी, हवा खेळण्याची सोय, मग हीटिंग, मग पॅनल.

---

माळरान

कोकणकडा काका, तत्त्व म्हणून +१. पण जुई ताईंचे पॅनल आधीच वर गेलेत. आणि खर्चाच्या दृष्टीने पॅनल हा तितका चुकीचा मार्ग नाही. १९३०च्या आधीच्या टेरेस घरांना, म्हणजे एका ओळीत एकमेकांना जोडलेल्या घरांना, बहुतेकदा भरीव विटांची भिंत असते, पोकळी नसतेच. तिथे आतून किंवा बाहेरून इन्सुलेशन लावायचं म्हणजे ईपीसीवरच ४,००० ते १४,००० पाउंडांचा अंदाज छापून येत असे. प्लग, रेडिएटर, स्वयंपाकघराची कपाटं, सगळं काढून परत लावा. मी स्लाउमध्ये असं घर घेतलं तेव्हा पॅनलनेच 'सी' गाठला आणि भाडेकरूला दिवसाची वीज स्वस्त पडली.

---

कोकणकडा

माळरान, एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. तुमच्या भाडेकरूची वीज वाचते ती दिवसा घरी असेल तरच. ग्रिडला गेलेल्या विजेचे पैसे कुणाच्या खात्यात जमा होतात? स्मार्ट एक्स्पोर्ट गॅरंटीचा करार ज्याच्या नावावर त्याच्या. बहुतेक ठिकाणी तो घरमालक असतो. मग सर्टिफिकेटवर घर स्वस्त दिसतं, भाडेकरू ते बघून येतो, आणि दिवसभर कामावर असलेलं जोडपं संध्याकाळी सहाला परतून पूर्ण दराने वीज घेतं. गॅसचं बिल तर तसंच. त्या माणसाला 'सी'चा काय उपयोग झाला?

मी हे जीव तोडून लिहितो आहे, कारण भारतातून आलेली कितीतरी मुलं पहिल्या वर्षी अशाच घरांत राहतात. एका खोलीत हीटिंग, बाकी घर बंद, भिंतीला काळी बुरशी. वर घरमालक त्यांनाच ऐकवतो की तुम्ही घरात कपडे वाळत घालता.

---

माळरान

राग कसला, प्रश्न योग्य आहे. माझ्या करारात मी सौरविजेचं कलम वेगळं घातलंय. घरात वापरलेली वीज भाडेकरूची, ग्रिडला गेलेल्याचे पैसे माझे, आणि त्या बदल्यात छोटी बॅटरी बसवली, म्हणजे दुपारची वीज त्यांना संध्याकाळी मिळते. नव्या पद्धतीत बॅटरी गुणांतही धरली जाते हे ओसरींमुळे आज कळलं. पण तुमचं म्हणणं मान्य. बॅटरी नसती तर फायदा बराचसा माझाच झाला असता.

---

पन्हाळगड

बुरशीचा विषय निघालाच आहे तर. आमच्या लॉफ्टमध्ये स्प्रे फोम मारायला एक माणूस दारावर आला होता. 'सरकारी योजना, गुण वाढतील' वगैरे. कुणाला अनुभव?

---

ओसरी

पन्हाळगड, थांबा. स्प्रे फोम छपराच्या लाकडाला चिकटतो, आतलं लाकूड ओलं राहिलं तरी कळत नाही आणि तपासता येत नाही. त्यामुळे बऱ्याच बँका अशा घरावर कर्ज द्यायला कचरतात किंवा सरळ नाही म्हणतात. मी अशी घरं बघितली आहेत जिथे विक्री अडली आणि फोम खरवडून काढायला पुन्हा पैसे गेले. छताच्या तुळयांमध्ये आणि वरून आडवी अशी साधी लोकर अंथरा. नेहमीच्या खनिज लोकरीची शिफारस २७० मिलिमीटर आहे. दारावर येणाऱ्याशी व्यवहार नकोच.

जुई ताई, हीट पंप.

तुमच्या ओळखीच्यांचं खरं असू शकतं. गुण खर्चावर चालतात हे लक्षात घ्या. इथे विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या चौपटीच्या आसपास पडतं. चांगला हीट पंप एका युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता देतो. म्हणजे कार्यक्षमता इतकी उत्तम असूनही पैशांचा हिशेब गॅसच्या जेमतेम बरोबरीला येतो, कधी थोडा मागे राहतो. त्यात असेसरला पंपाचं मॉडेल यादीत सापडलं नाही, तर सूत्र साध्या, कमी कार्यक्षम पंपाचा आकडा धरतं आणि गुण आणखी पडतात. म्हणून मॉडेल नंबर, बसवल्याचा कागद आणि एमसीएस सर्टिफिकेट हाताशी ठेवा. विजेच्या जुन्या स्टोरेज हीटरवरून (रात्री तापून दिवसा ऊब देणारा हीटर) किंवा तेलाच्या बॉयलरवरून हीट पंपावर गेलात तर मात्र चित्र वेगळं असतं, गुण चांगले वाढू शकतात.

सर्टिफिकेटमध्ये पर्यावरणाचा वेगळा आकडाही असतो, कार्बनवर आधारलेला. हीट पंपाने तो भरपूर सुधारतो. पण भाड्याचा नियम आज पहिल्या आकड्यावर चालतो. सरकार यातच बदल करतंय. एकाच अक्षराऐवजी घराचं बाह्यांग, हीटिंगची पद्धत, खर्च आणि स्मार्ट सोयी असे वेगवेगळे निकष दाखवायचा बेत आहे. ते आलं की कोकणकडा काकांच्या आक्षेपाला बरंचसं उत्तर कागदावरच मिळेल, कारण थंड भिंत पॅनलच्या मागे लपणार नाही. माझ्या मते हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

इंग्लंड-वेल्समध्ये हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपाला ७,५०० पाउंडांचं अनुदान आहे. पॅनल, बॅटरी, इन्सुलेशन, हीट पंप यांच्या बसवणुकीवर ३१ मार्च २०२७पर्यंत व्हॅट शून्य आहे. पण तुमचा कॉम्बी नवाच आहे. मी तुमच्या जागी असतो तर आता त्याला हात लावला नसता.

---

डब्लिनकर

ओसरींचा हीट पंपाचा प्रतिसाद वाचून आश्चर्य वाटलं, कारण आयर्लंडमध्ये नेमकं उलट होतं. आमच्याकडे ईपीसीऐवजी बीईआर असतं, 'ए१'पासून 'जी'पर्यंत. ते पैशांत नाही तर एका चौरस मीटरला वर्षाला किती किलोवॅट-तास प्राथमिक ऊर्जा (वीज किंवा इंधन घरापर्यंत पोचवताना खर्च होणारी ऊर्जाही धरून) लागते यात मोजतात. 'ए१' म्हणजे २५च्या आत, 'बी३'ची हद्द १५०. आम्ही तेलाचा बॉयलर काढून हीट पंप घेतला आणि आधी लॉफ्ट, भिंती केल्या होत्या, तर 'डी' मधलं घर 'ए३'मध्ये गेलं.

एकाच घराला दोन देशांत दोन वेगळी अक्षरं मिळू शकतात. लंडनहून इकडे बदली झालेल्या मित्रांना मी हेच सांगतो, दोन्हीकडच्या 'सी'ची तुलना करू नका.

---

नाशिककर

प्रश्न थोडा अवांतर आहे, चालेल ना? इकडे फ्रिज-एसीला तारे असतात. घराला असं काही आहे का? आमच्या वडिलांनी घरावर ३ किलोवॅट सोलर बसवलं, पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळालं. बिल खूप उतरलं. पण वरच्या मजल्यावर एप्रिल-मेमध्ये स्लॅब तापून झोप लागत नाही ते काही थांबलं नाही.

---

कोकणकडा

नाशिककर, अवांतर अजिबात नाही, माझंच म्हणणं तुम्ही उन्हाळ्यातून मांडलंत.

भारतात घरांसाठी 'इको निवास संहिता' २०१८ मध्ये आली. त्यात भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली आहे, थंड प्रदेश सोडून चौरस मीटरला १५ वॅट. शिवाय हरित इमारतींसाठी ग्रिहा आणि आयजीबीसीची मानांकनं आहेत, पण ती बहुतेक नव्या प्रकल्पांना मिळतात. वडिलांच्या जुन्या घराला विकताना दाखवावं लागेल असं सर्टिफिकेट इथल्यासारखं रुळलेलं नाही.

स्लॅबसाठी पांढरा परावर्तक थर लावा. पॅनलची सावली जिथे पडते तिथे स्लॅब कमी तापतो, उरलेला भाग तरी पांढरा करा. पाणी झिरपण्याचं काम आधी उरकून घ्या, नाहीतर रंग फुगून येतो.

---

ओसरी

जुई ताई, एकच गुण हवा आहे, तेव्हा लहान गोष्टींकडेही बघून घ्या. मी घरात शिरलो की या जागा हमखास बघतो.

दिवाणखान्यात जुनी गॅसची शेकोटी भिंतीत बसवलेली आहे का? असली तर सूत्र असं धरतं की थोडी उष्णता तुम्ही त्या अकार्यक्षम शेकोटीतून घेता, वापरत नसलात तरी. गॅस इंजिनिअरकडून ती रीतसर बंद करून काढली तर फायदा होतो. हातात उचलून ठेवायचा हीटर धरत नाहीत. धुराडं उघडं असेल तर तेही नोंदवतात. वापरात नसेल तर हवेला थोडी वाट ठेवून बंद करा.

रेडिएटरला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोली पुरेशी तापली की आपोआप बंद होणारे) आहेत का, खोलीत थर्मोस्टॅट आणि वेळ लावायची सोय आहे का, हेही धरतात. कॉम्बी नवा असून व्हॉल्व्ह जुने राहिलेली घरं पुष्कळ बघतो. कामाचा खर्च कमी, आणि भाडेकरूला खरोखर उपयोगी.

लॉफ्टसाठी: हॅच (लॉफ्टवर जायचं झाकण) उघडल्यावर जवळची एक फळी स्क्रूवर ठेवा, म्हणजे असेसरला उचलून खाली पट्टी घालून मोजता येईल. मोजता आलं तर 'गृहीत' जातं. आणि फळ्या थेट तुळयांवर ठोकलेल्या असतील तर खाली १०० मिलिमीटरच लोकर मावते, जास्त कोंबली तर ती दबते आणि तिचा उपयोग जातो. फळ्यांखाली पाय लावून उंची वाढवणारी साधनं मिळतात. सगळ्या लॉफ्टवर फळ्या हव्यातच असंही नाही. सुटकेस आणि गणपतीच्या मखरापुरती जागा ठेवा, बाकी मोकळी लोकर अंथरा.

---

डब्लिनकर

घर घट्ट करताय तर स्वयंपाकघराच्या पंख्याकडे बघा. आपल्याकडे रोज कुकर, फोडणी, भाताची वाफ. पंखा नुसता हवा फिरवणारा असेल तर वाफ घरातच राहते. बाहेर फेकणारा हवा. फटी बुजवल्यावर आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात ओल दिसू लागली होती, पंखा बदलल्यावर गेली.

---

जुईचा वेल

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

कोकणकडा काका, ठिपके सापडले! बाजूच्या भिंतीवर, बिनच्या मागे, एका ओळीत. सीगाकडे पत्ता दिला तर आधीच्या मालकांच्या काळातली हमी निघाली, अजून चालू आहे. लॉफ्टच्या फळ्या नवऱ्याने हॅचजवळ उचलल्या. खाली लोकर होती, पण जुनी, पातळ, आणि एका बाजूला नव्हतीच. सामान कमी करून अर्ध्या लॉफ्टच्या फळ्या काढून टाकल्या आणि तिथे पूर्ण २७० मिलिमीटर अंथरून घेतली. काम करणाऱ्यांकडून जाडी लिहिलेलं बिल आणि फोटो घेतले. रेडिएटरला नवे व्हॉल्व्ह बसवले. शेकोटी दिवाणखान्यात होतीच, ती काढली.

त्याच असेसरना कागद दाखवले. त्यांनी शांतपणे सगळं बघितलं, पुन्हा येऊन मोजलं आणि नवं सर्टिफिकेट नोंदवलं. ७५, म्हणजे 'सी'. पुन्हा फी द्यावी लागली, पण वाजवी होती. भिंतीपुढचं 'गृहीत' गेलं याचा आनंद मला आकड्याइतकाच आहे.

मोठ्या लेकीच्या खोलीत संध्याकाळी गार व्हायचं, तिथे आता फरक जाणवतो. हे पॅनल बसवल्यावर झालं नव्हतं, ते मान्य करायलाच हवं.

माळरान, तुमचं करारातलं कलम मी एजंटला पाठवलं. त्यांच्याकडे सौरविजेबद्दल काही मजकूरच नव्हता. आम्ही ग्रिडला जाणाऱ्या विजेचे पैसे आमच्याकडेच ठेवणार आहोत, पण येणाऱ्या कुटुंबासाठी बॅटरी बसवायचं ठरवलंय. तिची चौकशी चालू आहे. आमचा इन्व्हर्टर ३.६८ किलोवॅटचा आहे. बॅटरी जोडताना वीज वाहून नेणाऱ्या कंपनीला नंतर कळवून चालतं की आधी परवानगी लागते?

---

ओसरी

अभिनंदन! बॅटरीला स्वतःचा वेगळा इन्व्हर्टर असेल तर दोन्हींची बेरीज धरतात, आणि एका फेजला ३.६८ किलोवॅटच्या वर गेलं की आधी अर्ज करावा लागतो. पॅनलच्याच इन्व्हर्टरमागे जोडता येत असेल तर बेरीज वाढत नाही. बसवणाऱ्याकडून हे लेखी घ्या. काम झालं की बॅटरीची क्षमता लिहिलेला कागद इतर कागदांबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवा आणि फाइलची प्रत भाड्याच्या कागदांतही असू द्या.

---

सदाफुली

उशिरा आले, पण एक विचारू? आमचा हॅरोला फ्लॅट आहे. इमारतीच्या छपरावर मॅनेजमेंट कंपनीने पॅनल बसवले, त्याचे पैसे सगळ्यांच्या सर्व्हिस चार्जमधून गेले. माझ्या फ्लॅटचे गुण वाढतील का?

---

ओसरी

सदाफुली ताई, ते पॅनल तुमच्या फ्लॅटच्या स्वतःच्या मीटरला जोडलेले असतील तरच. जिन्याचे दिवे आणि लिफ्ट यांच्या सामायिक मीटरला जोडले असतील तर तुमच्या सर्टिफिकेटवर काही चढत नाही. सर्व्हिस चार्ज मात्र कमी व्हायला हवा, तो झालाय का ते हिशेबात मागा. फ्लॅटमध्ये हीटिंग कशावर आहे तेवढं सांगा. विजेचे जुने स्टोरेज हीटर असतील तर गुण वाढवायला तिथूनच सुरुवात करता येईल.